कुंपणावरचा केवडा

ही गोष्ट मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. जिला सांगायला हवी होती, तिला तर नाहीच. कितीदा अगदी ओठांवर आली — आणि मग मी उठून चहा टाकला, नाहीतर पंखा लावला, नाहीतर उगाच विचारलं की तुझा गुडघा कसा आहे. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्यापुढे बोलणं सोपं जातंय का? जात असेल.

गोष्ट एका बुरशीची आहे. हसू नका. लोक काय काय कबूल करतात आणि ही बाई बुरशी घेऊन बसली, असं वाटेल तुम्हाला. पण माझ्या हातून जे झालं ते त्या बुरशीच्या नावावर झालं. तिच्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

केवडा म्हटलं की तुम्हाला गौरी-गणपतीत मिळणारं ते पिवळं, सुवासाचं कणीस आठवेल. आमच्या नाशिक भागात द्राक्षवाल्यापुढे हा शब्द काढून बघा, त्याचं तोंड उतरेल. पानावर आधी तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट डाग दिसतो. पान उलटं करा — खाली पांढरी लव, मऊ, पिंजलेल्या कापसासारखी. तो केवडा. हवा ओली राहिली, सकाळचं दव उन्हं चढेपर्यंत हललं नाही, की तो पानावरून फुलोऱ्यावर जातो. घड तपकिरी पडतात, वाळतात, हात लावला की गळतात.

हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि नाशिकच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होते. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर माझं लग्न झालं ते दिंडोरीकडच्या एका गावात, द्राक्षवाल्यांच्या घरात. सासऱ्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. बाग त्यांनी स्वतः उभी केलेली. माणूस कष्टाळू, शब्दाला जागणारा, आणि घरात त्यांच्या शब्दापुढे शब्द नाही. सून रोज सकाळी एसटीनं नाशिकला जाते, संध्याकाळी दिवेलागणीला परत येते, हे त्यांनी चालवून घेतलं होतं. आवडलं मात्र नव्हतं. सासूबाई माझ्या डब्यात भाकरी बांधताना काही बोलायच्या नाहीत, पण डब्याचं झाकण जरा जोरानं लागायचं.

लग्न ठरताना गावाचं नाव ऐकलं तेव्हा मला पहिला आनंद कशाचा झाला असेल? ते इंदूचं गाव होतं.

इंदू आणि मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मुलींच्या वसतिगृहात एका खोलीत होतो. मी येवल्याकडची, ती इकडची. मला टायफॉइड झाला तेव्हा माझी आई येऊन पोचेपर्यंत कपाळावरच्या पट्ट्या तिनंच बदलल्या. वडील अचानक गेले म्हणून तिनं कॉलेज सोडलं, डी.एड. केलं आणि शेजारच्या गावच्या शाळेत शिक्षिका झाली. घरी आई एकटी — भागाबाई. त्या कधी वसतिगृहावर यायच्या तेव्हा मी त्यांना आई म्हणायचे. सून होऊन गावात आल्यावर मात्र सासरच्या माणसांसमोर मी त्यांना काहीच म्हणत नसे. नुसती मान हलवायचे.

इंदूचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बौद्ध वस्तीत. ती आमच्याकडे आली तर ओट्यापर्यंत यायची. तिथंच उभ्याउभ्या बोलायची. आत ये, असं तिला कुणी म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. हे मी ओघात सांगत नाहीये — हे आधी सांगायला हवं, म्हणजे पुढचं कसं झालं ते तुम्हाला कळेल.

त्यांची थोडीशी जमीन होती, ओहोळाच्या कडेला, आमच्या बागेला लागून. भागाबाई तिथं वाल, गवार, भेंडी, बांधाच्या कडेनं झेंडू करायच्या आणि पहाटेच्या गाडीनं नाशिकच्या बाजारात नेऊन विकायच्या. आमच्या बागेच्या आणि त्यांच्या मळ्याच्या मधे शेराचं कुंपण होतं, तेच पुढे त्यांच्या मळ्याला चहूबाजूंनी फिरलेलं. शेर म्हणजे तो दुधाळ, बोटाएवढ्या हिरव्या कांड्यांचा. जमीन नावावर झाली त्या वर्षी भागाबाईंनी स्वतः लावलेला. पुढे त्यात घाणेरी घुसली, निवडुंग घुसला, आणि सगळ्यावर आंबटवेल चढली. ही रानवेल तुम्ही पाहिली असेल, तिला तीन-तीन पानं असतात आणि बारीक काळी फळं. ती द्राक्षाच्याच कुळातली. हे लक्षात ठेवा, कारण मीही नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं.

एका वर्षी ऑक्टोबरची छाटणी झाली, फुटवे आले, फुलोरा दिसायला लागला आणि दिवाळीच्या तोंडावर पाऊस परत आला. जाता जाता चार दिवस रेंगाळला. अण्णांनी मोरचूद आणि चुन्याच्या फवारण्या केल्या, तरी बागेत केवडा शिरला. ओहोळाकडच्या ओळी सगळ्यांत आधी गेल्या. आमच्या यांनी कुंपणाजवळ उभं राहून बघितलं तर आंबटवेलीच्या पानांवर तेच डाग. पान उलटं केलं — तीच पांढरी लव.

अण्णा म्हणाले, "तिकडूनच येतंय. मी म्हनतच व्हतो."

त्या संध्याकाळी ओट्यावर आसपासचे बागवाले जमले. कुणी म्हणालं जाळून टाका, कुणी म्हणालं दुसऱ्याचं कुंपण असं कसं जाळणार. तेव्हा अण्णांनी आतल्या दाराकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आपल्या घरात काचंतून बघनारी सून हाय. ती सांगंल."

मी आत भाकरी थापत होते. तुम्हाला सांगू का, त्या वाक्यानं माझ्या अंगावर काटा आला. त्या घरात माझ्या शिक्षणाचं नाव अभिमानानं घेतलं गेलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून मी एसटीनं नाशिकला नेली. प्रयोगशाळेत मुलांचं प्रॅक्टिकल चालू होतं. दोन बॅचच्या मधल्या वेळात मी घाईघाईनं द्राक्षाच्या पानाची एक काच केली, आंबटवेलीची एक. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. दोन्हीकडे बुरशीचे ते उभे दांडे, झाडासारखे फांद्या फुटलेले, टोकांना दाणे. सारखेच की. कूळ एक, डाग एक, लव एक, दांडे सारखे. आणखी काय हवं होतं? मुलं दारात येऊन उभी राहिली, मी काच उचलली आणि धुतली.

संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर माणसं आधीच बसलेली. मी हातपाय धुऊन चुलीपाशी गेले तर सासूबाईंनी माझ्यापुढची परात ओढून घेतली. म्हणाल्या, "तू जाय बाहेर. लोकं वाट पाहून राहिलेत." बाहेर माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती. अण्णांसमोर मी खुर्चीवर बसले, त्या घरात पहिल्यांदा. आणि म्हणाले, "हो. वेलीवर आहे ती तीच बुरशी."

बहुतेक. हा शब्द माझ्या तोंडात आला होता. बहुतेक तीच असावी. तो मी गिळला. खुर्चीवर बसून 'बहुतेक' म्हणायला जमलं नाही.

अण्णांनी भागाबाईंना निरोप पाठवला की कुंपण काढा. त्यांनी चक्क नाही म्हणून सांगितलं. शेर मी माझ्या हातानं लावलाय, म्हणाल्या, तो काढला तर माझा बांध कुठला, हे उद्या कोण सांगंल? अण्णांना दुसऱ्याच्या रानात कोयता घालता येत नव्हता. तिथंच ते थांबलं असतं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी थांब्यावर इंदू भेटली. ती शाळेला निघालेली, मी कॉलेजला. रोजचंच होतं ते — आम्ही दोघी घरच्यांच्या नजरेआड मोकळं बोलायचो ते तिथंच, गाडी येईपर्यंत. तिनं विचारलं, "तू स्वतः बघितलंस?"

"बघितलं," मी म्हणाले. "वेल ठेवली तर पुढच्या वर्षी परत येईल. नुसती वेल तोडून भागणार नाही, ती शेरात गुंतलीय. सगळं कुंपणच मुळासकट काढावं लागेल."

"मग झालं," ती म्हणाली. "तू बघितलंस म्हणजे प्रश्न मिटला. आईला मी समजावते."

त्या रविवारी दोघी मायलेकींनी ते कुंपण तोडलं. शेराचा चीक फार वाईट. भागाबाईंच्या डोळ्यात उडाला, डोळा सुजून लाल झाला, तरी पदर बांधून त्या कोयता चालवत राहिल्या. मी आमच्या बागेतून बघत होते. मदतीला गेले नाही. सून दुसऱ्याच्या रानात कशी जाणार — असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. दुपारी ढीग पेटवला. ओला शेर धड जळेना, धूर मात्र आमच्या वेलींवरून संध्याकाळपर्यंत जात राहिला. अण्णांनी गड्याबरोबर त्यांना प्यायला पाणी पाठवलं आणि वर म्हणाले, "मास्तरीन शानी हाय. ऐकलं तिनं."

इथपर्यंतचं ऐकून तुम्ही म्हणाल, चूक झाली. घाईत झाली, चुका होतात. मीही तेच म्हटलं असतं. पण चुकीपायी कुणी इतकी वर्षं गप्प बसतं का?

त्याच आठवड्यात आमच्या विभागप्रमुख सरांना हे कळलं. मीच सांगितलं — मिरवायला. रानवेलीवरून बागेत येणारा केवडा, यावर एखादा लेख होईल, असं माझ्या डोक्यात घोळत होतं. सर म्हणाले, "चांगलं आहे. पण बाई, आधी लागण करून दाखवा, मग बोला." लागण करून दाखवणं म्हणजे एका पानावरची बुरशी दुसऱ्या निरोगी पानावर लावायची आणि ती तिथं रुजते का बघायचं. सोपं काम आहे. पहिल्या वर्षाची मुलंही करतील. मी ते आधी केलं नव्हतं. बोलून मात्र आले होते.

शंका आली म्हणून मी ते केलं असं समजू नका. लेख हवा म्हणून केलं. आंबटवेलीच्या चार फांद्या मी कुंपण तुटण्याआधीच आणून प्रयोगशाळेत पाण्यात ठेवल्या होत्या. द्राक्षाची कोवळी, स्वच्छ पानं काचेच्या बशांत ओल्या कागदावर पालथी ठेवली. काही पानांवर द्राक्षावरच्या केवड्याचं पाणी टाकलं, काहींवर आंबटवेलीवरच्या केवड्याचं. झाकणं लावली आणि वाट बघितली. आठवड्याभरात द्राक्षाच्या केवड्यानं द्राक्षाची पानं पांढरी झाली. दुसऱ्या बशांत काही नव्हतं. पानं तशीच हिरवी. मी परत केलं. परत तेच. मग आंबटवेलीची बुरशी आंबटवेलीच्याच पानावर लावली, आणि ती तिथं झकास रुजली. म्हणजे बुरशी जिवंत होती. फक्त तिला द्राक्ष नको होतं.

मग मी पुन्हा काचा केल्या, आणि या वेळी बसून बघितलं. निवांत, दोन्ही डोळे उघडे ठेवून, जसं बघायचं असतं तसं. द्राक्षाच्या बुरशीचे दाणे लिंबाच्या आकाराचे, आखूड. वेलीवरच्या बुरशीचे लांबट, मोठे. दांड्यांची टोकंही निराळी. जात-भाईच ते, एकाच घराण्यातले, पण दोन वेगळे. पहिल्या दिवशी मी पाच मिनिटं जास्त बघितलं असतं तरी दिसलं असतं. आंबटवेलीवरची बुरशी आंबटवेलीवरच जगत होती. आमच्या बागेचं तिनं काही बिघडवलं नव्हतं.

मग बागेत केवडा आला कुठून? तेही मला कळत होतं. आमच्याच बागेतून. आदल्या वर्षीची रोगट पानं आळ्यात कुजत पडलेली असायची, अण्णा ती कधी उचलू देत नसत — खत होतं म्हणायचे. त्या पानांत बुरशीचं बी टिकून राहतं आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर वर उडतं. म्हणजे खरं सांगायचं तर मला अण्णांना सांगावं लागणार होतं की रोग तुमच्या स्वतःच्या मातीत आहे, दुसऱ्याचं कुंपण उगाच गेलं, आणि मी खुर्चीवर बसून चुकीचं बोलले.

मी बशा धुतल्या. सरांना सांगितलं की पानं कुजली, प्रयोग फसला.

तोवर काही हाताबाहेर गेलेलं नव्हतं, हे मला आज टोचतं. शेर काय, काडी खोचली की लागतो. मी त्या दिवशी घरी येऊन बोलले असते तर अण्णा आठवडाभर माझ्याशी बोलले नसते, कदाचित कॉलेज सोडायला लावलं असतं. कदाचित. पण बांध जिथल्या तिथं राहिला असता.

मी बोलले नाही, आणि महिन्याभरात अण्णांनी तारेचं कुंपण घातलं. सिमेंटचे खांब, काटेरी तार. शेराची जागा आता कुणाला नेमकी दाखवता येत नव्हती, राख वाऱ्यानं उडवून नेली होती. खांब इंदूच्या मळ्याच्या बाजूला सरकले. फार नाही, पण ओहोळाकडे उतरायची जी पायवाट भागाबाईंच्या रानात होती, ती तारेच्या आत, आमच्याकडे आली. पाण्याला त्यांना लांबून वळसा घालावा लागायला लागला. शेर गेल्यामुळं बाकीच्या बाजू आता उघड्या पडल्या होत्या, तिथून गुरं शिरायची. वाल एकदा गुरांनी खाल्ला, परत पेरला, परत खाल्ला.

भागाबाई एकदा मला बांधावर भेटल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "बाई, शेर व्हता तवर आमच्या बांधाला कुनी हात लावला नाय बघ." एवढंच. एका डोळ्यानं त्यांना तेव्हापासून नीट दिसत नव्हतं. मी नेहमीसारखी मान हलवली.

आता मी जिथं पोचायचं टाळत होते तिथं आलेय.

इंदू एक दिवस कॉलेजात आली. घरी नाही, ओट्यावर नाही — शाळेतून रजा काढून नाशिकला, माझ्या प्रयोगशाळेत. दुपारची वेळ, मुलं नव्हती. खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं. मी तिला स्टूल दिलं. ती बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

"अण्णांनी तार आत घेतलीय," ती म्हणाली. "मी तलाठ्याकडे जायचं म्हणते. मोजणी मागणार. पण आई म्हणते, कुंपण आपण आपल्या हातानं काढलं, आता कुठल्या तोंडानं बोलायचं? मला एवढंच सांग, मंगल. ते काढायलाच लागणार होतं ना? नक्की तीच बुरशी होती?"

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे संशयानं बघत नव्हती. त्यात संशय असता तर मी कदाचित खरं बोलले असते, भांडले असते, रडले असते. ती विचारत होती, कारण माझ्या शब्दावर तिला पुढचं ठरवायचं होतं. तिच्या मागच्या फळीवर माझ्या त्याच काचेच्या बशा पालथ्या मांडलेल्या होत्या, स्वच्छ.

"हो," मी म्हणाले. "तीच होती."

तिनं श्वास सोडला. "मग ठीक आहे," ती म्हणाली. "मग मी भांडत नाही. रोगच होता, तर कुंपण जाणारच होतं. थोडी जमीन इकडची तिकडे झाली, त्यावरून तुझ्या सासरी तुला त्रास कशाला?"

हे ती म्हणाली. तुला त्रास कशाला.

मग आम्ही कँटीनला जाऊन चहा प्यालो. तिनं वसतिगृहातल्या गमती काढल्या. मी हसलेसुद्धा.

ती तलाठ्याकडे गेली नाही.

माझ्या मनात एक प्रश्न अधूनमधून येतो. ते कुंपण अण्णांच्या भावकीतल्या कुणाचं असतं, तर घाईत केलेल्या एका काचेवर मी असा निकाल दिला असता का? नसता दिला. मी सरांना विचारलं असतं, लागण करून बघितली असती, 'बहुतेक' म्हटलं असतं. एवढं मला माझ्याबद्दल माहीत आहे. मी स्वतःला त्या घरातली सुधारलेली समजायचे.

आणि आणखी एक गोष्ट आहे, ती कदाचित सगळ्यांत वाईट. पुढच्या वर्षी केवडा परत आला. कुंपण नव्हतं, वेल नव्हती, तरी आला. अण्णा म्हणाले वाऱ्यानं आला असंल. तेव्हा मी हळूच यांना सुचवलं की पुस्तकात असं दिलंय, आळ्यातली जुनी पानं गोळा करून जाळून बघू या. स्वच्छता म्हणून. यांनी ते करवून घेतलं. त्यानंतर रोग खूप कमी झाला. म्हणजे खरं काय ते मी वापरलं. आमच्या बागेसाठी वापरलं. त्या वर्षी घड चांगले भरले, आणि अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत की आमच्या सूनबाईमुळं बाग वाचली. माझ्या एसटीबद्दल घरात कुणी पुन्हा बोललं नाही. सासूबाई झाकण हलक्या हातानं लावायला लागल्या. पुढे मी पीएच.डी. केली, लेक्चरर झाले.

इंदूनं दोन-तीन वर्षं तो मळा ओढला, मग विकला. कुणाला विकणार? बाजूला आमचीच बाग होती. अण्णांनी घेतला. तिची बदली नाशिकजवळच्या शाळेत झाली आणि मायलेकी शहरात एका कॉलनीतल्या दोन खोल्यांत राहायला गेल्या. भागाबाई तिथं फार दिवस रमल्या नाहीत. दारावर भाजीवाली आली की उठून प्रत्येक भेंडीचं देठ मोडून बघायच्या, आणि घेताना पुटपुटायच्या की ही काय भेंडी झाली. त्या गेल्या तेव्हा मी खांदेकऱ्यांच्या मागं बायकांत उभी होते. इंदूनं माझा हात धरून ठेवला होता.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कधीतरी इंदू तिच्या शाळेतल्या मुलींना आमची प्रयोगशाळा दाखवायला घेऊन आली. निळे स्कर्ट, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या, सगळ्या रांगेत. इंदूनं त्यांना माझी ओळख करून दिली. म्हणाली, "ही माझी मैत्रीण. आमच्या कुंपणावर एक रोग होता, तो हिनं ओळखला. आम्ही सगळं कुंपण काढून टाकलं. वाईट वाटलं, पण काढलं. शास्त्र सांगतं ते ऐकायचं असतं." मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मी त्यांना केवड्याची काच दाखवली. एकेक मुलगी स्टुलावर चढून बघत होती. त्यातली एक चुणचुणीत होती, तिनं विचारलं, "बाई, दोन बुरशी सारख्याच दिसल्या तर? मग कसं ओळखायचं?"

मी शिक्षिका होते. हा प्रश्न मला वर्षात दहादा विचारला जायचा. तोंडातून उत्तर गेलं. "नुसतं बघून सांगायचं नसतं," मी म्हणाले. "एका झाडावरची दुसऱ्या झाडाच्या चांगल्या पानावर लावून बघायची. रुजली तर तीच. नाही रुजली तर वेगळी. ते केल्याशिवाय बोलायचं नाही."

इंदू खिडकीपाशी उभी होती. तिनं ऐकलं. माझ्याकडे बघत राहिली, क्षणभर, जास्त नाही. मग वळून मुलींना रांगेत उभं करायला लागली.

तिला काही कळलं का? मला माहीत नाही. त्या दिवसानंतर तिनं कुंपणाचा विषय माझ्यापुढे पुन्हा काढला नाही. माझं कौतुकही पुन्हा केलं नाही. पण येणं थांबवलं नाही. अण्णा गेले तेव्हा आली, माझ्या मुलीच्या लग्नात आली, आणि आता दोघी म्हाताऱ्या झालोय तरी महिन्यातून एकदा येते. आता ती आत, स्वयंपाकघरात येऊन बसते. घर माझं आहे, अडवणारं कुणी उरलेलं नाही. ती लसूण सोलते, मी चहा टाकते. दोघींमधे तो एक विषय सोडून बाकी सगळं बोलणं होतं.

हे कुठं छापून आलं तर ती वाचेल. तिला वाचायची आवड पहिल्यापासून आहे. मी तिला आधी समोर बसवून सांगितलेलं नाही, तेवढीही हिंमत माझ्यात नव्हती. म्हणून शेवटचं तिलाच लिहिते.

इंदू, तुमच्या कुंपणावरची बुरशी वेगळी होती. आमच्या बागेतला रोग आमच्याच मातीतला होता. आईंचा शेर तोडायची काही गरज नव्हती. तू स्टुलावर बसून मला विचारलंस, तेव्हा हे मला माहीत होतं.